माती, मामा आणि मामी : औशात 'अँटिगनी' बसवताना

मराठवाड्यात कुणी गेलं की आपण पहिला प्रश्न विचारतो, "माती किती वाजता हाय?" देह अग्नीला द्यायचा असो की जमिनीत ठेवायचा, शब्द एकच. औशात लिंगायत आहेत, मुसलमान आहेत, मराठे, धनगर, बौद्ध आहेत. प्रत्येकाची रीत वेगळी आहे, पण गावाला जायचं असतं ते मातीला. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्समध्ये सोफोक्लीजनं लिहिलेलं 'अँटिगनी' हे नाटक याच एका गोष्टीवर उभं आहे. एका भावाला माती मिळू द्यायची नाही असा हुकूम निघतो आणि बहीण मूठभर माती टाकून तो हुकूम मोडते.

औसा, निलंगा, उदगीर, मुखेड, कंधार अशा गावांत दहा-बारा जणांची हौशी नाट्यमंडळं आहेत. त्यांतल्या कुणाला एखादी ग्रीक कथा आजच्या रूपात रंगमंचावर आणायची असेल तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं सांगणं थोडक्यात इतकंच की ग्रीक नाटक करायचं म्हणून ग्रीस उभा करायला जाऊ नका. त्या कथेत आपल्या बोलीतला जो शब्द आधीपासून दडलेला आहे तो शोधा आणि नाटक त्याच्याभोवती रचा.

आम्ही पहिल्यांदा अशी कथा घेतली तेव्हा उलटं केलं होतं. पुठ्ठ्याचे खांब केले, पांढऱ्या चादरी खांद्यावरून गुंडाळल्या, संवादांत 'हे राजन' आणि 'हे देवते' घातलं. पाठांतर चोख होतं. प्रेक्षक आदरानं बसले आणि कोरडे उठले. त्यानंतर कितीतरी दिवसांनी एका रात्री जेवताना मी घरात 'अँटिगनी'ची गोष्ट सांगत होतो. दोन भाऊ गादीसाठी एकमेकांना मारतात. मामा राजा होतो. तो एका भावाचे अंत्यसंस्कार इतमामानं करतो, दुसऱ्याला गद्दार ठरवून उघड्यावर टाकतो, कुत्र्या-गिधाडांसाठी. बहीण जाऊन माती टाकते, पकडली जाते. मामा तिला जिवंतपणी गुहेत कोंडतो. तिचं लग्न मामाच्या मुलाशी ठरलेलं असतं. तोही जीव देतो. आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आन् मामी कुठं होती?"

सगळ्या तालमींनी जे दिलं नव्हतं ते या एका प्रश्नानं दिलं.

आधी मामाचं पाहू. क्रेऑन हा अँटिगनीच्या आईचा, योकास्टाचा, सख्खा भाऊ. इंग्रजी भाषांतरात तो नुसता 'अंकल' होतो आणि नात्याची धारच जाते. मराठीत तो मामा. आपल्याकडे लग्नात अंतरपाटाच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा असतो. तिला हाताला धरून मंडपात आणायचं कामही त्याचंच. या नाटकात मामाच भाचीला गुहेकडे धाडतो. सोफोक्लीजच्या अँटिगनीनंही आपल्या थडग्याला लग्नाची खोली म्हटलं आहे. म्हणजे ही जोडणी आपण बळेच करत नाही, ती मूळ नाटकात आहेच. मराठीत फक्त ती लगेच भिडते. गुहेकडे जाण्याच्या प्रवेशात मुलीला हळद लागलेली दाखवा. मामाला तिच्या मागे उभा करा, अगदी लग्नात असतो तसा. तिथं एकही संवाद लागणार नाही.

आणखी एक धागा आहे. अँटिगनीची आई म्हणजे क्रेऑनची बहीण. ती गेली तेव्हा त्यानं तिला माती दिलीच असणार. तेव्हा आजच्या मांडणीत मुलीच्या तोंडी असं काही येऊ शकतं : "मामा, आईच्या मातीला तुम्हीच मला कडेवर घेऊन गेला होता. मूठ कशी टाकायची ते तुम्हीच दाखवलं." हे मूळ संहितेत नाही, आणि म्हणूनच हे नवं कथन आहे. नवं कथन म्हणजे घोड्याच्या जागी मोटारसायकल नव्हे. मूळ कथेनं जिथं जागा सोडली आहे तिथं आपण जाऊन उभं राहणं, हे नवं कथन.

आता मामी. सोफोक्लीजच्या नाटकात क्रेऑनची बायको युरिडिसी शेवटाकडे एकदाच येते, जेमतेम नऊ ओळी बोलते, मुलाच्या मरणाची हकीकत ऐकते आणि एक शब्द न बोलता आत जाते. थोड्या वेळानं तिच्या मरणाची बातमी येते. एवढं मोठं घर कोसळताना ती दिवसभर कुठं होती? भाची तिच्या घरातली, होणारी सून तीच. तिनं नवऱ्याला काय सांगितलं असेल, काय सांगायचं टाळलं असेल? मला विचाराल तर औशातलं 'अँटिगनी' मामीच्या स्वयंपाकघरातून सुरू व्हावं. बाहेर घंटागाडीच्या भोंग्यावरून हुकूम ऐकू येतो, आत चूल पेटलेली आहे आणि दोन्ही भाच्या दारात येऊन थांबल्या आहेत. तुमच्या मंडळाला वेगळं दार सापडेल. कुणाला इस्मिनी, मागे राहिलेली बहीण, जास्त जवळची वाटेल. दार कुठलंही चालेल, पण ते एकच असू द्या. चार दारं उघडली की प्रेक्षक कुठूनच आत येत नाही.

कथा निवडताना आपल्याकडे माणसं कोण आहेत हे आधी पाहा. पाच-सहा चांगल्या अभिनेत्री असतील आणि पुरुष कमी, तर युरिपिडीजचं 'ट्रोजन वीमेन' बघा. युद्ध संपल्यावर मागे उरलेल्या बायकांचं ते नाटक आहे. २०१३ साली जॉर्डनमध्ये सीरियातून विस्थापित होऊन आलेल्या बायकांनी ते स्वतःच्या हकीकती मिसळून केलं होतं. एकच जबरदस्त अभिनेत्री असेल तर 'मेडिया', पण आईनं लेकरांना मारण्याचा तो शेवट पेलायला दिग्दर्शक अनुभवी हवा. एकांकिका करायची असेल तर डॅनॉसच्या मुलींची कथा आहे : पन्नास बहिणी, आणि पाताळात त्यांतली एक सोडून बाकीच्यांना शिक्षा काय, तर भोकं पडलेल्या रांजणात सतत पाणी ओतत राहायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस पाहिलेल्या बाईला ही शिक्षा समजावून सांगावी लागत नाही. मात्र त्या बहिणींनी नवऱ्यांचे खून केले होते. आपल्या घागरवाल्या बायकांनी काय गुन्हा केला, या प्रश्नाला तुमच्या संहितेत उत्तर हवं. नाहीतर साम्य वरवरचंच राहतं.

तरीही पहिल्या खेपेला मी 'अँटिगनी'च सुचवेन. गोष्ट एका दमात सांगता येते, पात्रं मोजकी आहेत आणि दोन्ही बाजूंना बोलायला आहे. दक्षिण आफ्रिकेत अथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्ट्शोना यांनी १९७३ साली केलेल्या 'द आयलंड'मध्ये तर दोनच कैदी आहेत आणि ते तुरुंगातल्या कार्यक्रमासाठी 'अँटिगनी'चा प्रवेश बसवताहेत. रॉबेन बेटावरच्या खऱ्या तुरुंगात नेल्सन मंडेलांनी क्रेऑनचं काम केलं होतं. ज्या माणसाला हुकूमशाहीनं कोंडलं होतं त्यानं हुकूम देणाऱ्याची भूमिका केली, यावर नटांनी वाचनाच्या पहिल्या दिवशी बोलावं. क्रेऑन मिशीला पीळ देणारा खलनायक नाही. गाव नुकतंच भावकीच्या लढाईत जळून निघालं आहे, त्याला शिस्त आणायची आहे, आणि त्याचं पहिलंच फर्मान घरातल्या पोरीनं मोडलं आहे. त्याचं म्हणणं प्रेक्षकांतल्या निम्म्यांना पटलं पाहिजे. त्याच्यात गावातला अमुक पुढारी दिसावा म्हणून नकला करू नका. चार टाळ्या जास्त मिळतील, पण नाटक त्या पुढाऱ्याच्या उंचीइतकंच राहील.

मराठीत ही वाट नवी नाही. पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीजचं नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून १९७९ साली मराठीत आणलं. डॉ. श्रीराम लागूंनी ज्याँ अनुई या फ्रेंच नाटककाराचं 'अँटिगनी' मराठी रंगभूमीवर आणलं. हे वाचा, वाचनालयातून मिळवा, पण बसवायचं असेल तर हक्कांचा विचार आधी करा. सोफोक्लीजचं मूळ नाटक सगळ्यांचं आहे. त्याचं भाषांतर मात्र भाषांतरकाराचं असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. अनुई १९८७ साली गेले, पु. ल. २००० साली. दोघांच्याही संहितांसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. इंग्रजी भाषांतरांपैकी रिचर्ड जेब (मृत्यू १९०५) आणि गिल्बर्ट मरे (मृत्यू १९५७) यांची भाषांतरं आता मोकळी आहेत. ती समोर ठेवून, शेजारी मराठी शब्दकोश आणि घरातली म्हातारी माणसं ठेवून, स्वतःची संहिता लिहा. संहिता झाली की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं असतं. राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं असेल तर हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नावांचं काय करायचं? पु. लं.नी नाव ग्रीक उच्चाराजवळ ठेवलं. त्यांच्या भाषांतराला ते शोभतं. आपल्या नव्या कथनात पॉलिनायसिस, इटिओक्लिस अशी भावांची नावं नटांच्या जिभेला अडतात आणि प्रेक्षकांच्या कानात राहत नाहीत. माझा अनुभव असा की नाव एकच ठेवावं, अँटिगनीचं. बाकी सगळे नात्यानं ओळखले जाऊ द्या. मामा, मामी, थोरला, धाकटा. इस्मिनी तिला 'अक्का' म्हणेल. गावात माणसं नात्यानंच हाक मारतात, त्यामुळे यात काही ओढूनताणून केल्यासारखं वाटत नाही, आणि एकटीलाच परकं नाव राहिल्यानं ती सगळ्यांत उठून दिसते. अँटिगनीच्या बापाची, ईडिपसची, मागची सगळी कहाणी मात्र सांगत बसू नका. कोरसनं दोन-तीन मिनिटांत सांगितली तेवढी पुरे.

बोली कुठं वापरायची हे ठरवून घ्या. सगळ्यांना बोली दिली तर ती सवयीची होते, आणि फक्त पहारेकऱ्याला दिली तर बोली म्हणजे हसायची गोष्ट होते. हे दुसरं मला फार खटकतं. आमच्याकडे मामी आणि कोरस पूर्ण बोलीत होते, मामा घरात बोलीत आणि माईकसमोर प्रमाण भाषेत. त्याची भाषा बदलली की त्याच्यातला राजा जागा झाला हे कळायचं. पहारेकरी मूळ नाटकातही गमतीचा आहे. वाईट बातमी आणलेला, जीव वाचवायला धडपडणारा. "सायेब, आधी एवढं ऐका. म्या केलं न्हाई. कुणी केलं तेबी बगितलं न्हाई. मारू नगा, मंग सांगतो." सोंगाड्याची समज असलेल्या नटाला हे काम द्या आणि त्याला सांगा की हसवायचं नाही, घाबरायचं आहे. मग लोक आपोआप हसतात आणि हसता हसता थांबतात.

लहान मंडळाला सर्वांत मोठा आधार असतो तो कोरसचा, आणि याच ठिकाणी औशातल्या माणसाला अथेन्सइतकाच अधिकार आहे. ग्रीक नाटकातला कोरस गात, नाचत, गोल जागेत फिरत असे. 'ऑर्केस्ट्रा' या शब्दाचा मूळ अर्थच नाचायची जागा. त्यांच्या गीताच्या एका कडव्याला 'स्ट्रोफी' म्हणत, म्हणजे वळण; त्याला उत्तर देणारं कडवं म्हणजे उलटं वळण. गात गात एका अंगाला जायचं, मग तेवढंच परत यायचं, असं जुनं वर्णन आहे. आता आपल्या औशाच्या नाथ संस्थानातलं चक्री भजन आठवा. टाळ, मृदंग, पाय आणि शब्द एकत्र, आणि चक्राकार फिरणं. शहरातल्या नाट्यशाळेत मुलांना कोरस शिकवायला शिबिरं घ्यावी लागतात. आपल्या गावात लहान पोराला हे पाहून माहीत असतं की दहा माणसं एका श्वासात कशी चालतात.

पण इथं एक पथ्य पाळा. चक्री भजन ही उपासना आहे. तिच्यातले अभंग, देवाचं नाव, तिच्यातली वस्त्रं नाटकात उचलून आणू नका. जाऊन बसा, पाहा, जाणत्यांना विचारा, आणि तिथून फक्त रीत शिका : वळण कधी घ्यायचं, टाळ कधी थांबवायचा, पुढचा माणूस वळला की मागच्याला न सांगता कसं कळतं. शब्द तुमच्या नाटकाचे, चाल तुमची. गोंधळाचं संबळ, आराध्यांची गाणी, भारुडातला सवाल-जवाब यांनाही हेच लागू. हलगी वाजवायची तर खऱ्या हलगीवाल्याला बोलवा, त्याचं मानधन आधी ठरवा आणि त्याला पहिल्या तालमीपासून बसवा. ध्वनिमुद्रित हलगी नटाची वाट पाहत नाही; हलगीवाला पाहतो.

सोफोक्लीजच्या कोरसमध्ये १५ जण असत. तुम्हाला सात पुरेत. सातांनी सगळं एकसुरात म्हणायचं नाही, त्यानं शाळेतल्या प्रार्थनेसारखं होतं. पहिला शब्द एकानं उचलायचा, तिघांनी वाक्य पुढं न्यायचं, शेवटच्या दोन शब्दांवर सगळे. कुठं श्वास घ्यायचा तिथं संहितेत उभी रेघ मारा आणि ती सातही जणांच्या वहीत एकाच जागी असू द्या. पहिले आठ दिवस शब्द नकोतच : नुसतं चालणं, टाळावर वळणं. मग शब्द कुजबुजत म्हणत चालणं. आवाज सगळ्यांत शेवटी. मूळ नाटकात कोरस म्हणजे नाटक घडतं त्या थीब्ज नगरीतले वयस्क लोक. क्रेऑन चुकतोय हे त्यांना दिसतं, पण ते बोलायला फार उशीर करतात. हे गाव तुम्हाला आयतं मिळालं आहे. पारावर बसलेली माणसं, सोयाबीन काढून परतणाऱ्या रोजगाराच्या बाया. अँटिगनी त्यांच्यामधून जाते आणि त्यांचं वर्तुळ तिच्यासाठी कधी उघडतं, कधी बंद होतं, एवढ्यावर निम्मं दिग्दर्शन उभं राहतं.

मुख्य कामांसाठी चार-पाच नट पुरतात. ग्रीकांकडे तीनच असत, मुखवटे बदलून सगळी पात्रं करत. तुम्ही मुखवट्याऐवजी खांद्यावरचा पंचा, टोपी, चष्मा बदला. एक सूचना मात्र आग्रहानं करतो : मामाचा मुलगा हेमॉन करणाऱ्या नटालाच शेवटी निरोप्याचं काम द्या. डोक्याला मुंडासं बांधून तोच येतो आणि हेमॉन गेल्याची बातमी त्याच्याच आईला सांगतो. मामी त्याच्याकडे पाहत राहते. तिनं त्या क्षणी त्याला ओळखलं की नाही, हे नटीवर सोडा.

ग्रीक रंगभूमीवर बहुतेक मरण पडद्याआड होतं आणि निरोप्या ते सांगे. ही पद्धत मोडू नका. आपल्याला कीर्तनाची सवय आहे, सांगितलेलं आपल्याला दिसतं. मुलगी गुहेत स्वतःला संपवते. ते रंगमंचावर दाखवायचं नाही आणि निरोप्यानं तपशीलही सांगायचे नाहीत. समोर शाळा-कॉलेजची मुलं बसलेली असतात. तिची ओढणी परत येते, घडी घालून, मामीच्या हातात. एवढं खूप झालं.

ती ओढणी पहिल्या प्रवेशापासून प्रेक्षकांच्या डोळ्यांत राहिली पाहिजे. कपडे आजचेच असावेत. १९४४ साली जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये अनुईचं 'अँटिगनी' झालं तेव्हाही नटांच्या अंगावर त्या काळातलेच कपडे होते. आमच्या अँटिगनीनं साधा पंजाबी ड्रेस घातला होता. ती भावासाठी माती आणते ती ओढणीच्या ओच्यात. लग्न ठरलेल्या मुलीच्या ओच्यात तांदूळ, नारळ, हळकुंड असायचं, तिथं माती. पहिल्या प्रयोगात तिनं ओचा सोडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी आपला पदर घट्ट धरलेला मी पाहिला.

मातीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यात आम्ही बराच वेळ घालवला. आपली काळी माती सुकली की तिची ढेकळं दगडासारखी होतात. ती रंगमंचावर पडली की आवाज येतो, आणि तो आवाज चुकीचा असतो. ढेकळं फोडून पिठाच्या चाळणीनं चाळली तर धूळ उडते आणि नटांचे घसे बसतात. उपाय असा : माती जाड चाळणीनं चाळायची, प्रयोगाच्या तासभर आधी तिच्यावर हातानं पाणी शिंपडून ती खालीवर करायची, मुठीत धरली तर गोळा व्हावा आणि सोडली तर मोकळी व्हावी इतकीच ओल. खाली ताडपत्री, तिच्यावर मांजरपाट. काळ्या पडद्यावर काळी माती दिसत नाही, म्हणून भावाच्या देहावरचं कापड धुवट पांढरं हवं. दिवा वरून टाकला तर माती पडताना दिसत नाही; विंगेतून, कमरेच्या उंचीवरून आडवा झोत टाका म्हणजे एकेक कण दिसतो. देह म्हणून माणूस झोपवू नका. त्याचं पोट हलतं आणि सगळ्यांचं लक्ष तिथं जातं. गोधडीची वळकटी कापडाखाली ठेवा.

जागा. लातूर वीस किलोमीटरवर आहे, तिथं सभागृहं आहेत, पण पहिला प्रयोग गावातच करा. किल्ल्याचा मोह होईल. खरोशाच्या लेण्यांचाही होईल, कारण नाटकात गुहा आहे. या वास्तू जपायच्या आहेत. तिथं खिळा ठोकणं, दिवे टांगणं, गर्दी करणं नको, आणि पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तर विचारही नको. शाळेचं मैदान घ्या, त्यावर चुन्यानं मोठं वर्तुळ आखा, तीन बाजूंना सतरंज्या आणि मागे खुर्च्या. ग्रीकांची गोल रंगभूमी खळ्यावरून आली असावी असं काही अभ्यासक मानतात. मळणीयंत्रं आल्यापासून आपली खळी गेली, पण पन्नाशीपुढच्या माणसाला त्या वर्तुळाचा अर्थ लगेच कळतो. मुंबईत इब्राहिम अल्काझींनी घराच्या गच्चीवर 'मेघदूत' हा रंगमंच करून तिथं 'मेडिया' केलं होतं. थिएटर नाही म्हणून अडून बसायचं कारण नाही.

ग्रीक नाटकं दिवसा उजेडी होत. आपण संध्याकाळ घेऊ. सोयाबीनची सुगी आणि दिवाळी झाली की तालमी सुरू करायच्या, ज्वारीच्या काढणीआधी, जानेवारीत प्रयोग. तेव्हा सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. साडेपाचला सुरुवात केली तर हुकूम उजेडात निघतो, मुलगी पकडली जाते तेव्हा सावल्या लांबलेल्या असतात, आणि गुहेचा प्रवेश अंधारात येतो. पहिल्या अर्ध्या भागाला दिवे लागतच नाहीत. पुढे चार एलईडी पार दिवे आणि एक कंदील. वायरमनला सांगून ध्वनी आणि प्रकाश वेगवेगळ्या फेजवर घ्या, आणि वीज गेली तर काय, याची एक पूर्ण तालीम नुसत्या बॅटऱ्यांवर करा. आमची गेली होती; नटांनी वाक्य अर्धवट सोडलं नाही म्हणून प्रेक्षकही हलले नाहीत.

मुली मिळत नाहीत ही सगळ्या मंडळांची तक्रार असते. मुली असतात, भरवसा नसतो. दिग्दर्शकानं स्वतः त्यांच्या घरी जावं, आईवडिलांना तालमीची वेळ, जागा आणि पूर्ण गोष्ट सांगावी, तालीम आठच्या आत संपवावी, घरी सोडायची व्यवस्था करावी, आणि मंडळात एक तरी वयानं मोठी बाई रोज हजर असावी. आईवडिलांना एखाद्या तालमीला बोलवा. मामीचं काम करायला त्यांच्यातूनच कुणीतरी मिळण्याची शक्यता आहे.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट. किल्लारी औसा तालुक्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. कितीतरी जणांना सामुदायिक अग्नी द्यावा लागला. तुमच्या प्रेक्षकांत असा कुणी नक्की असेल ज्याला आपल्या माणसाची माती नीट करता आली नाही. तुम्ही किल्लारीचं नाव न घेताही हे नाटक त्याच्यापर्यंत जाणार आहे, म्हणून नाव घेऊ नका. कोसळण्याचे आवाज, किंकाळ्या, पडद्यावर जुनी छायाचित्रं, यातलं काही नको. आणि प्रयोग संपल्याबरोबर माईकवर शाल-श्रीफळ सुरू करू नका. सत्कार करायचेच असतील तर नाटकाआधी उरका. शेवटी दिवे हळूच वाढवा, नटांना वर्तुळात उभं राहू द्या, आणि लोकांना उठायला जितका वेळ लागेल तितका द्या. आमच्या प्रयोगानंतर एक गृहस्थ पुढे आले, ताडपत्रीवरची चिमूटभर माती उचलून परत त्या कापडावर टाकली, आणि कुणाशी काही न बोलता निघून गेले.

तेव्हा मंडळाची बैठक बोलावण्याआधी, भूमिका वाटण्याआधी, वर्गणी गोळा करण्याआधी एक करा. आज रात्री जेवताना ही गोष्ट घरात सांगा, पुस्तक हातात न घेता. मध्येच कुणीतरी अडवून काहीतरी विचारेल. तो प्रश्न, ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत, कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन पहिल्या वाचनाला या.